परळहून निघालेली संदर्भसूची

परळच्या केईएम रुग्णालयात सापडलेला बॉम्बे रक्तगट जगाला कळला तो लंडनच्या 'लॅन्सेट'मधल्या जेमतेम दोन पानांच्या टिपणामुळे. त्या टिपणाचा दाखला आज एखाद्या वैद्यकीय जर्नलच्या संदर्भसूचीत द्यायचा झाला, तर रोमन लिपीत तो जसा छापतात तसाच देवनागरीत असा दिसेल:

भेंडे वायएम, देशपांडे सीके, भाटिया एचएम, सँगर आर, रेस आरआर, मॉर्गन डब्ल्यूटी, वगैरे. एबीओ गटाशी संबंधित 'नवा' रक्तगट-गुणधर्म. लॅन्सेट १९५२;१:९०३-४.

यातलं एकही चिन्ह शोभेचं नाही. आडनाव आधी, मग आद्याक्षरं. दोहोंच्या मध्ये स्वल्पविराम नाही आणि आद्याक्षरांमध्ये पूर्णविराम नाहीत. स्वल्पविराम फक्त एक माणूस संपून दुसरा सुरू होतो तिथे. सालानंतर अर्धविराम, मग खंड, मग अपूर्णविराम, मग पानं. लॅन्सेटचे त्या काळी वर्षाला दोन खंड निघत, म्हणून हा '१' म्हणजे वर्षाचा पूर्वार्ध. '९०३-४' हे ९०३ ते ९०४; पुन्हा येणारे आकडे गाळायचे. जर्नलांची नावं लघुरूपात लिहायची असतात, पण लॅन्सेटसारखं एकशब्दी नाव तोडायचं नाही. सगळं मिळून छोट्या टायपातल्या दोन-तीन ओळी, आणि तेवढ्यावर जगातल्या कोणत्याही वैद्यकीय ग्रंथालयातला ग्रंथपाल नेमकं पान काढून देतो.

आता 'वगैरे' बघा. मूळ टिपणावर सात नावं आहेत. पहिली तीन केईएमची, उरलेली चार लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधली. सहा नावं द्यावीत आणि पुढे 'एट आल' लिहावं, हा सध्याचा नियम. त्यामुळे गळतात त्या एकट्या विनिफ्रेड वॉटकिन्स. रक्तगटांचं रसायनशास्त्र उलगडण्यात मॉर्गन यांच्या बरोबरीनं ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या वॉटकिन्सबाई. नियम लिहिणाऱ्यांना त्यांच्याशी काही वैर नव्हतं, सातवा क्रमांक आला एवढंच. पण सूची ही तटस्थ, यांत्रिक बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा एक दाखला ध्यानात ठेवावा.

हे टिपण लंडनला गेलं त्या साली परळला स्वतःचं जर्नल नव्हतं. ते निघालं तीन वर्षांनी, आणि त्याचीच ही वाटचाल. संस्थेची वाटचाल लिहायची म्हटलं की आपल्याकडे संस्थापक, संपादकांची परंपरा, रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव अशा क्रमानं लिहितात. 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन', डॉक्टरांच्या तोंडी 'जेपीजीएम', याची कथा तशीही सांगता येईल. मला ती लेखांच्या शेवटच्या पानावरून सांगायची आहे, जिथे वाचणाऱ्याची नजर सहसा पोचत नाही त्या संदर्भसूचीवरून. कारण या जर्नलची, आणि त्याच्या हातानं घडलेल्या एका अख्ख्या पिढीची, खरी कमाई तिथेच आहे.

सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ सालचे. महापालिकेची संस्था, आणि इथले शिक्षक भारतीयच असावेत ही देणगीदारांची अट. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या त्या काळात ती अट लहान नव्हती. या शिक्षकांच्या स्टाफ सोसायटीनं १९५५ साली जेपीजीएम सुरू केलं, आणि ते आजही तिचंच मुखपत्र आहे. त्रैमासिक. दर वर्षी एक खंड, म्हणून खंडाचा क्रमांक हवा असेल तर सालातून १९५४ वजा करायचे: १९८० म्हणजे खंड २६, २००४ म्हणजे खंड ५०. संदर्भ तपासणाऱ्याला हा हिशेब मोलाचा आहे. कुणी 'जे पोस्टग्रॅड मेड १९९६;४१' असं लिहून आणलं, की साल तरी चुकलंय किंवा खंड तरी, हे पान न उघडताच कळतं. १९९६ चा खंड ४२ असतो.

पहिल्या दोन-अडीच दशकांत सूची करणं म्हणजे अंगमेहनत होती. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेल्या 'इंडेक्स मेडिकस'चे जाडजूड खंड ग्रंथालयात ओळीनं मांडलेले असत. विषय काढायचा, नोंद कार्डावर उतरवायची, ते जर्नल इथे येत नसेल तर लेखकाला छापील पोस्टकार्ड पाठवून लेखाची प्रत मागायची आणि महिनाभर वाट बघायची. मग टंकलेखकाकडे. दोन ओळींत मोकळी जागा, कार्बन घालून प्रती. कार्डावरचा तीन टंकलेखकाला आठ दिसला, की तो आठ छापखान्यात जाई आणि पुढच्या माणसानं त्या छापील लेखातून उतरवून घेतला की तिसऱ्या लेखात. संदर्भातल्या चुका अशाच पिढ्यान्‌पिढ्या चालत. मूळ लेख न बघता दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलण्याची सवय आपल्याकडे आजची नाही.

त्यातून प्रत्येक जर्नलची तऱ्हा वेगळी. कुणाला लेखकांची नावं वर्णानुक्रमानं हवीत, कुणाला मजकुरात आली त्या क्रमानं. कुणाला साल नावापाठोपाठ कंसात, कुणाला शेवटी. एका जर्नलनं लेख नाकारला की दुसरीकडे पाठवण्याआधी सगळी सूची नव्यानं टंकायची. हा त्रास लेखकांपेक्षा त्यांच्या टंकलेखकांना जास्त, आणि तक्रारही तिथूनच झाली. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मूत्रपिंडविकार विभागातल्या ऑगस्टा लिटवर नावाच्या सचिवबाईंनी मोठ्या जर्नलांच्या संपादकांकडे गाऱ्हाणं नेलं: तुम्ही सगळे एकच पद्धत का ठरवत नाही? जानेवारी १९७८ मध्ये काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले, आणि १९७९ साली हस्तलिखितांसाठीच्या समान अटी छापून आल्या. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं घडवला. व्हँकुव्हर पद्धत ती हीच. एमडीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला व्हँकुव्हर हे शहर आहे हे माहीत नसलं तरी चालतं, पद्धत माहीत असावीच लागते.

त्या पहिल्या आवृत्त्यांत लेखकांचा नियम आजच्याहून कडक होता. सहापर्यंत असतील तर सगळे द्या. सात किंवा जास्त असतील तर फक्त पहिले तीन आणि 'एट आल'. म्हणजे बॉम्बे रक्तगटाच्या नोंदीत भेंडे, देशपांडे, भाटिया एवढेच उरत आणि लिस्टरचे चौघेही 'वगैरे'त जात. नकळत का होईना, त्या नियमानं शोधाचं श्रेय पूर्णपणे परळच्या पदरात टाकलं होतं. नियम पुढे सहा नावांवर आला आणि वॉटकिन्सबाईंचं तेवढं राहिलं.

भारतातल्या जर्नलांनी व्हँकुव्हर पद्धत घेतली, पण घेतली म्हणजे पाळली असं नव्हे. लेखकांसाठीच्या सूचनांच्या पानावर एक असे आणि छापील अंकात दुसरंच. संपादक म्हणजे दिवसा ओपीडी, वॉर्ड, शिकवणं सांभाळून संध्याकाळी लेख वाचणारा प्राध्यापक. पगारी उपसंपादक ठेवायला पैसा नाही. अशा घरच्या मंडळींनी चालवलेल्या जर्नलात स्वल्पविरामावर कुणी किती वेळ घालवणार?

जेपीजीएमनं तो घालवला, आणि त्यासाठी संगणक कामाला लावला. याचं श्रेय बऱ्याच अंशी डॉ. डी. के. साहू यांचं. मूळचे बालरोगतज्ज्ञ. १९९७ साली मुंबईत त्यांनी मेडनो ही प्रकाशन संस्था काढली आणि जेपीजीएमला इंटरनेटवर आणण्याचं काम तिथून झालं. त्याच साली अमेरिकेनं पबमेड सगळ्या जगाला फुकट खुलं केलं, हा योग जुळून आला. ज्या इंडेक्स मेडिकसच्या खंडांसाठी ग्रंथालयात जावं लागे, ते आता परळच्या संगणकावर उघडायला लागले. पबमेडमध्ये जेपीजीएमच्या लेखाचं नाव दिसे, पण लेख मिळवायचा कुठून? त्याचं उत्तर जेपीजीएमनं दिलं ते त्या वेळी धाडसाचंच होतं: सगळा मजकूर संकेतस्थळावर फुकट. वाचकाकडून पैसे नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत. छापील अंकाची वर्गणी चालू राहिली. फुकट दिल्यावर वर्गणीदार पळतील, असं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं.

नुसतं खुलं करून ही मंडळी थांबली नाहीत, त्यांनी परिणाम मोजला. साहू, नित्या गोगटे आणि संदीप बावडेकर यांनी २००५ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एका छोट्या जर्नलचा हिशेब मांडला. परिषद होती लेखपरीक्षण आणि वैद्यकीय प्रकाशन या विषयावर, आणि छोटं जर्नल अर्थातच जेपीजीएम. लेख खुले झाल्यावर त्यांचे उल्लेख वाढले, आणि लेख छापल्यापासून त्याचा पहिला उल्लेख होईपर्यंतचा काळ घटला, असं त्यांना आढळलं. हे वाचताना एक गोष्ट सुटते. उल्लेख मोजता येतो तो संदर्भ नीट लिहिला असेल तरच. नाव चुकलं, साल चुकलं, खंड चुकला, की मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी तो उल्लेख झालाच नाही. स्वल्पविरामाची काळजी आणि जर्नलची पत यांचा असा थेट संबंध आहे. त्याआधीच्या वर्षी, सप्टेंबर २००४ मध्ये, जेपीजीएमनं पन्नाशी साजरी केली ती मुंबईत परिषद भरवून, आणि विषय घेतला तो वैद्यकीय लेखनाचा. सुवर्णमहोत्सवाला सत्कार आणि स्मरणिका आपल्याकडे होतातच. लिहिण्याच्या कारागिरीवर परिषद भरवणारी संस्था विरळा.

आता त्या यंत्राकडे येतो, ज्याच्याशी भारतातल्या निवासी डॉक्टरांची एक पिढी रात्ररात्र झगडली. मेडनोच्या हस्तलिखितांच्या प्रणालीत, 'जर्नल ऑन वेब'वर, संदर्भ तपासून देण्याची सोय होती. एका वेळी जास्तीत जास्त पंधरा संदर्भ टाकायचे. प्रत्येक नव्या ओळीवर, अनुक्रमांक न घालता. यंत्र ते पबमेडशी ताडून बघे आणि प्रत्येकासमोर 'बरोबर' नाहीतर 'चूक' असा शिक्का मारी. बरोबर असेल तर पबमेडमधल्या लेखाचा दुवा. चूक असेल तर, तुम्हाला यातला एखादा म्हणायचा होता का, असे काही दुवे. सूचनांत लिहिलंच होतं की संदर्भ शंभर टक्के अचूक हवा. स्पेलिंगमधली एक चूक, किंवा अंकाचा क्रमांक वा महिना जास्तीचा घातलेला असला, तरी यंत्र नापास करील.

ही शेवटची अट मुलांना कळत नसे. पबमेडवरून नोंद जशीच्या तशी उचलली तर तीत अंकाचा क्रमांक आणि महिना असतोच. मग 'चूक' का? कारण वर्षभर पानांचे आकडे सलग चालणाऱ्या जर्नलात खंड आणि पान पुरतं, अंकाचा क्रमांक फाजील. आणि मेडनोच्या शैलीत तो गाळायचा ठरलेला. पंधरापैकी अकरा चूक आले की मुलगा वैतागतो, गाइडला शिव्या घालतो (मनात), आणि मग एकेक कंस खोडत बसतो. पण त्या बसण्यातच एखाद्याला दिसतं की हा संदर्भ भलत्याच लेखाचा आहे, किंवा असा लेख पबमेडमध्ये मुळी नाहीच. शिक्षा म्हणून केलेलं काम कधी कधी तपासणीचं होऊन जातं.

नमुन्यादाखल या सूचनांत एक संदर्भ दिलेला असे: शीहान आणि सहकाऱ्यांचा, मानेतल्या गाठींतून सुईनं पेशी काढून निदान करण्याबद्दलचा, २००२ सालचा लेख. मेडनोच्या अनेक जर्नलांच्या सूचनांत तोच नमुना. त्वचारोग असो, भूलशास्त्र असो की दंतवैद्यक, मानेच्या गाठीचा हा लेख अनेकांच्या ओळखीचा. निदान तो खरा तरी आहे. युरोपातल्या एल्सव्हिअर या बड्या प्रकाशकानं आपल्या सूचनांत जो नमुना दिला होता, फान डेर खेर आणि दोघांचा 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला', त्या नावाचा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. साचा दाखवायला रचलेली नोंद होती ती. लेखकांनी साचा उतरवून घेतला, त्यातली नमुन्याची ओळ खोडायची राहिली, आणि तो नसलेला लेख चारशेच्या आसपास ठिकाणी संदर्भ म्हणून छापला गेला. लायडनचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांनी त्याचा माग काढला तेव्हा हे बाहेर आलं. स्वल्पविराम, साल, खंड, पानं सगळं जिथल्या तिथे, फक्त लेख नाही.

मेडनोच्या हाताखाली जर्नलं वाढत गेली तशी परळची ही शिस्त देशभर पसरली. कोणत्या संघटनेचं जर्नल आहे याच्याशी देणंघेणं नाही, सूची तीच: चौकटी कंसातला आकडा पूर्णविरामानंतर वर चढवलेला, पहिले सहा लेखक, अंकाचा क्रमांक नाही. म्हैसूरच्या जेएसएस विद्यापीठानं २०१२ साली आरोग्य आणि संलग्न शास्त्रांचं आपलं आंतरराष्ट्रीय जर्नल काढलं तेही मेडनोकडूनच. मी राहतो त्या सरस्वतीपुरमात जेएसएसचं महिला महाविद्यालय आहे, जवळच कुक्करहळ्ळीचा तलाव, आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारी बाहेरगावची मुलं. त्यांत सोलापूर-कोल्हापूरकडचे निवासी डॉक्टरही असतात. प्रबंधाचं पान मराठीत समजावून घ्यायला त्यांना बरं वाटतं, म्हणून अधूनमधून येतात. त्यांना मी सांगतो, आपल्या भागात पत्ता कसा लिहितोस? आधी घर क्रमांक, मग अमुकावा मेन, तमुकावा क्रॉस. खंड म्हणजे मेन आणि पान म्हणजे क्रॉस. मेन चुकला तर रिक्षावाला तुला कुठेही सोडेल, क्रॉस चुकला तर त्याच रस्त्यावर तू दारं ठोठावत फिरशील. एवढं पुरतं.

म्हैसूरला बसून सूच्या बघताना एक पेच रोज येतो, जो परळला कदाचित इतका जाणवत नसेल. व्हँकुव्हर पद्धत गृहीत धरते की माणसाला आडनाव असतं. मराठी माणूस यात बिनचूक बसतो. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. उलटं करा की झाली नोंद. इथे कर्नाटकात अनेकांना आडनावच नाही. पुढची अक्षरं गावाची आणि वडलांची, शेवटी स्वतःचं नाव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास म्हैसूरचे, त्यांच्या नावातला 'एम' म्हणजे म्हैसूर. सूचीत ते 'श्रीनिवास एमएन' होतात, म्हणजे स्वतःचं नाव आडनावाच्या जागी आणि गाव नावाच्या जागी. हे निभावून जातं. पंचाईत होते ती तरुण डॉक्टर एका लेखावर आद्याक्षरं पुढे लिहितात आणि दुसऱ्यावर मागे, तेव्हा. कधी वडलांचं नाव पूर्ण लिहितात आणि पबमेड त्यालाच आडनाव समजतं. एका माणसाच्या तीन नोंदी होतात आणि बढतीच्या वेळी तिन्ही माझ्याच, हे सिद्ध करत बसावं लागतं.

मराठीतही हसायचं कारण नाही. लग्नाआधी देशपांडे आणि नंतर कुलकर्णी झालेली डॉक्टर पबमेडच्या लेखी दोन बायका आहेत. मधलं आद्याक्षरही वडलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, त्यामुळे धागा उरतच नाही. लेखकाला आयुष्यभराचा एक क्रमांक देणारी ऑर्किड ही व्यवस्था २०१२ साली आली ती यावर बरीच मात्रा आहे. पहिला लेख पाठवण्याआधी तो क्रमांक घ्यावा आणि नाव एकदा ठरवून मरेपर्यंत तसंच लिहावं, असं मी प्रत्येक मुलीला आवर्जून सांगतो. मुलगे ऐकत नाहीत, त्यांना गरज कमी.

यंत्राची दुसरी मर्यादा देशी भाषांची. ते ताडून बघे ते पबमेडशी, आणि पबमेडमध्ये नसलेल्याला त्याच्याकडे शिक्काच नव्हता. ग्रामीण आरोग्यावर मराठीत लिहिलेलं पुस्तक, जिल्हा परिषदेचा अहवाल, आयुर्वेदावरचा जुना ग्रंथ, हे सगळं बाहेर. पद्धतीत त्यांना जागा आहे. नावाचं भाषांतर चौकटी कंसात द्यायचं आणि शेवटी मूळ भाषा नोंदवायची. पण तपासून मिळत नाही म्हणून मुलं असे संदर्भ सरळ गाळतात. मग मेळघाटावरच्या लेखात सगळे दाखले इंग्रजी जर्नलांचे आणि त्या भागात राहून काम केलेल्यानं मराठीत लिहिलेलं एकही पान नाही, असं होतं. हे मला पटत नाही. सूची सुबक दिसावी म्हणून माहिती कमी करणं हा उलटा व्यवहार झाला.

आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे 'बरोबर' हा शिक्का पत्त्याला मिळतो, त्या घरात कोण राहतं याला नाही. वैद्यकीय जर्नलांतल्या संदर्भांच्या अचूकतेवर झालेल्या पाहण्या एकत्र करून एलिझाबेथ वेजर आणि फिलिपा मिडलटन यांनी कॉक्रेनसाठी जो आढावा घेतला, त्यात सरासरी ३८ टक्के संदर्भांत नोंदीची काही ना काही चूक निघाली. त्याहून गंभीर म्हणजे सरासरी २० टक्के ठिकाणी मूळ लेखात जे म्हटलंय ते आणि त्याच्या नावावर जे सांगितलंय ते जुळत नव्हतं. पहिली चूक यंत्र पकडतं, दुसरी पकडायला लेख वाचावा लागतो.

याची किंमत किती असू शकते हे अमेरिकेनं पाहिलं. १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची नीट नोंद असलेली फक्त चार प्रकरणं सापडली, एवढंच त्यात होतं. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा या पत्राचे ६०८ उल्लेख निघाले, आणि त्यांतल्या ७२ टक्के ठिकाणी ते पत्र 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलेलं होतं. हे रुग्ण रुग्णालयातले होते, हे सांगण्याची तसदी ८० टक्क्यांहून अधिक लेखकांनी घेतली नव्हती. व्हँकुव्हर पद्धतीच्या दृष्टीनं मात्र सगळं नीट. जर्नलला शेवटी त्या जुन्या पत्रावर सावधगिरीची टीप लावावी लागली.

आपल्याकडे या दुसऱ्या चुकीला खतपाणी मिळालं ते बढतीच्या नियमांमुळे. शिक्षकाला बढती हवी तर इतके लेख छापून आलेले हवेत, असं मेडिकल कौन्सिलनं ठरवल्यावर लेखांचा पूर आला, आणि पुरात कोण किती वाचतं? ज्येष्ठाच्या प्रबंधातली सूची धाकट्याच्या प्रबंधात येते, तिथून लेखात. जेपीजीएमसारख्या जर्नलाला या काळात मोठं काम करावं लागलं ते लेख परत पाठवण्याचं.

मेडनो २०११ साली वॉल्टर्स क्लूवर या डच कंपनीनं घेतली. मुंबईतल्या डॉक्टरनं काढलेली संस्था जगातल्या बड्या प्रकाशकांपैकी एकानं विकत घ्यावी याचा अभिमान वाटणारे होते आणि हळहळणारेही होते. मी दोन्हीकडे थोडा थोडा. जेपीजीएमची मालकी स्टाफ सोसायटीकडेच राहिली, पण आता अंक वाचायचा तो कंपनीच्या एकत्रित संकेतस्थळावर. साच्याचा दराराही सगळीकडेच ओसरतोय. पहिल्यांदा लेख पाठवताना संदर्भ कोणत्याही पद्धतीत चालतील, स्वीकारला तर आम्ही बदलून घेऊ, असं अनेक परदेशी जर्नलं म्हणू लागली आहेत. लिटवरबाईंना हवं होतं ते साधारण हेच. एंडनोट, मेंडेले, झोटेरो ही साधनं क्षणात सूचीची पद्धत पालटतात. फक्त आत भरलेलं चुकीचं असेल तर ते चुकीचंच, पण नीटनेटकं, बाहेर येतं. लेखकाचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत, जर्नलचं नाव लघुरूप न करता, हे तर रोजचं.

अलीकडे नवं दुखणं आलंय. लिहून देणाऱ्या यंत्राकडून सूची करवून घेतली की ते लेखक, नाव, जर्नल, खंड, पान आणि डीओआय (लेखाचा कायमचा क्रमांक) असं सगळं व्हँकुव्हर पद्धतीत, एकही स्वल्पविराम न चुकवता रचून देतं, आणि त्यातले काही लेख अस्तित्वातच नसतात. फान डेर खेरचा लेख एकच होता. आता हवे तेवढे मिळतात. व्हँकुव्हरच्या संपादकांच्या समितीनं २०२३ साली स्पष्ट केलं की असं यंत्र लेखक म्हणून लावता येणार नाही आणि त्यानं लिहिलेला मजकूर मूळ आधार म्हणून दाखवता येणार नाही.

यावरचा सोपा उपाय मेडनोच्या काळापासून हाताशी आहे. त्या जर्नलांच्या डीओआयची सुरुवात १०.४१०३ नं होते, आणि जेपीजीएमच्या जुन्या लेखांत त्यापुढे ००२२-३८५९ हा जर्नलचा आयएसएसएन येतो. लेख कोणत्या घरचा हे आकड्यावरूनच कळतं. कंपनी बदलली, संकेतस्थळ बदललं, तरी तो क्रमांक तोच राहतो आणि नव्या जागी असलेल्या लेखाकडे नेतो. मुलं सूची घेऊन आली की हल्ली मी स्वल्पविरामांकडे नंतर बघतो. आधी त्यांना डीओआय एकेक करून उघडायला लावतो. एक जरी उघडला नाही, किंवा उघडून भलताच लेख आला, की उरलेली अख्खी यादी हातानं तपासायची आणि प्रत्येक लेखाचं निदान सारांशाचं पान तरी माझ्यासमोर वाचायचं. चाळीस संदर्भांना दोन संध्याकाळी लागतात.